एम.एस. झाल्यावर

डॉ. माणिक ढगे हात धुवायला उभे राहिले की आमच्या मजल्यावर दुसऱ्या कुणाला बेसिन मिळत नसे. आधी मनगटावरचं घड्याळ खिशात जायचं. मग बाह्या कोपराच्या वर. मग साबण, बोटांच्या फटी, नखं, मनगट, कोपर, आणि पुन्हा पहिल्यापासून. धुऊन झालं की नळ कोपराने बंद करायचा, दोन्ही हात छातीसमोर उंच धरायचे आणि पाठीने दार ढकलून उलट्या पावलांनी आत यायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन असेच आत जातात म्हणे. डॉक्टर ढगे मात्र आत येऊन कॉम्प्युटरसमोर बसत आणि आम्हा मुलींचं टायपिंग तपासत.

आमची कंपनी हैदराबादच्या आबिड्सला, एका साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. बाजार नुकता खुला झाला होता आणि रोज कुठल्यातरी नव्या धंद्याचं नाव कानावर पडायचं. आमच्या धंद्याचं नाव मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटला तपासून, ऑपरेशन करून, काय काय केलं ते यंत्रात बोलून ठेवत. तो आवाज हैदराबादला येई. आम्ही कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने आवाज मागेपुढे करत, तो टाइप करायचा. मी बी.एस्सी. झालेली, अंबरपेठेतल्या मराठी घरातली मुलगी. लग्न ठरेपर्यंत काहीतरी करावं म्हणून गेले आणि लग्नानंतरही तिथंच राहिले.

ढगे आमचे मास्तर म्हणून आले. आम्हाला शरीराची माहिती असावी म्हणून कंपनीने एक खराखुरा एम.बी.बी.एस. डॉक्टर ठेवला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर दोन्ही हातांनी एकदम पोट काढलं. एका हाताने उजवी बाजू, दुसऱ्याने डावी. इतकं देखणं पोट मी पुन्हा पाहिलं नाही. मग खडू माझ्याकडे रोखून म्हणाले, "तुम्ही, हिरव्या पंजाबीवाल्या. अपेंडिक्स दाखवा." मी चुकीच्या बाजूला बोट ठेवलं. ते म्हणाले, "बरं झालं, तुम्ही टायपिस्ट आहात. पेशंट वाचला."

असं बोलणं हा त्यांचा नेम होता. कुणी स्पेलिंग चुकलं की "यमाचे क्लार्क", कुणी रडलं की "अश्रुग्रंथी उत्तम, मेंदू नॉर्मल". शिकवत मात्र जीव तोडून. एकदा त्यांनी सांगितलं, काही माणसं आरशातल्यासारखी जन्मतात. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, आतलं सगळं उलट. त्याला सायटस इन्व्हर्सस म्हणतात. "पाठ करा. परीक्षेत हमखास विचारतात." आम्हाला कसलीच परीक्षा नव्हती. परीक्षा त्यांना होती.

दर वर्षी ते पीजीची प्रवेश परीक्षा देत. त्यांना एम.एस. व्हायचं होतं, जनरल सर्जन, आणि दुसरं काही म्हणजे काहीही व्हायचं नव्हतं. दर वर्षी त्यांचा नंबर सर्जरीच्या सीट संपल्यानंतर येई, आणि वर्षागणिक जास्तच नंतर. वय पस्तिशीच्या पुढे गेलेलं. लग्न कधी करणार? एम.एस. झाल्यावर. स्कूटर? एम.एस. झाल्यावर. दाढदुखीने गाल सुजला होता, तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, दाढ काढून घ्या की." तर म्हणाले, "परीक्षा होऊ दे." ते एवढ्या गंभीरपणे सांगत की समोरच्याला हसू आवरायला तोंड वळवावं लागे.

त्यांची खुर्ची लांबूनही ओळखता यायची. तिच्या हाताला काळ्या दोऱ्याच्या गाठींचे झुपके लोंबत. सर्जन एका हाताने टाक्याची गाठ बांधतात, तशा गाठी ते दिवसभर बांधत बसत. नजर स्क्रीनवर, कानात हेडफोन आणि डावा हात खुर्चीच्या दांडीवर चाललेला. टेबलाचा ड्रॉवर, डब्याच्या पिशवीचा बंद, खिडकीचा गज, हाताला लागेल त्याला गाठ. सफाईवाली रोज शिव्या घालत कापायची. त्या गाठी सुटत नसत.

ते आमच्याच अंबरपेठेत, दोन गल्ल्या सोडून राहत. वडील अण्णा ढगे मूळचे उदगीरकडचे, शेतीवाडीतलं घर. तरुणपणी हैदराबादला आले आणि बसचे कंडक्टर म्हणून रिटायर झाले. मुलगा डॉक्टर झाला तेव्हा अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले होते. आता ते सकाळी ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आत विचारत, "सर्जनसाहेब उठले का? पेशंटं खोळंबलीत." आणि खोळंबलेलं कुणीच नसे. सुरुवातीला शेजारीपाजारी ताप-खोकला घेऊन येत, पण ढगे दारातूनच सांगत, "मी ताप बघत नाही. मी सर्जरीचा माणूस आहे." मग लोक यायचे थांबले. कोपऱ्यावरच्या आर.एम.पी.कडे, म्हणजे कुठलीही डिग्री नसलेल्या गल्लीतल्या डॉक्टराकडे, रांग असायची आणि एम.बी.बी.एस.च्या ओट्यावर मांजर झोपायचं.

सीट कशी हुकली ते अण्णांनीच एकदा मला सांगितलं. मी त्यांच्या शेजारी हळदीकुंकवाला गेले होते, अण्णा ओट्यावर बसले होते, ढगे घरात होते, दार उघडं होतं. तरीही अण्णांनी आवाज उतरवला नाही.

"सीटा वाटायच्या हॉलात नंबर पुकारला बघ. मी मागं बसलेलो. फळ्यावर काय उरलेलं? अ‍ॅनाटॉमी, अन् एक बायकांच्या खात्याचं डिप्लोमा. मी म्हणलं, घे बाबा काही बी, जागा धरून ठेव. तर हा त्या साहेबाला काय म्हणला, मी मेलेली माणसं कापायला डॉक्टर झालो नाही. अन् बायकांचं खातं मला नक्को. उठला! मागच्या पोरानं याची खुर्ची गरम असतानाच बसून सही केली. ते पोरगं आता प्रोफेसर झालं. आमचे सर्जन अजून हात धुतेत."

आत नळ सुरू झाला.

ऑफिसात एकदा त्यांची संधी चालून आली होती. चहा आणणाऱ्या रहमतबीच्या हातात काचेचा ग्लास फुटला आणि तळहात चांगला खोलवर चिरला. रक्त बघून मुली किंचाळल्या. ढगे ताडकन उठले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. "कुणी हात लावू नका. स्वच्छ कापड दाबून धरा. माझ्या बॅगेत सुया आहेत, त्या उकळायला टाका," असं म्हणत ते बेसिनकडे धावले. सुया, दोरा, चिमटा, सगळं ते रोज बॅगेत घेऊन येत हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आणि त्यांनी हात धुवायला घेतले. घड्याळ खिशात. बाह्या वर. बोटांच्या फटी, नखं, मनगट, कोपर. इकडे रहमतबी पांढरी पडत चाललेली. "अय्यो, मर जाती मैं, कोई तो ले जाव जी," म्हणून ती रडायला लागली. आमच्या मॅनेजरने, राव नावाच्या टाय लावणाऱ्या तरुण पोराने, दोनदा बेसिनकडे वाकून पाहिलं, मग तिला धरून खाली नेलं आणि ऑटोत घालून समोरच्या चौकातल्या दवाखान्यात पाठवलं.

त्यानंतर दार ढकललं गेलं. ढगे पाठीने आत आले, वळले. दोन्ही हात वर, कोपरातून पाणी ठिबकतंय. "पेशंट कुठं आहे?"

कुणीतरी सांगितलं, ऑटोत गेली. ते तसेच उभे राहिले. हात खाली घ्यायचं त्यांना सुचेना. मागून एक मुलगी फिसकन हसली आणि मग सगळा मजला हसला. तेव्हापासून कुणाला बेसिनवर वेळ लागला की म्हणायचे, पेशंट ऑटोत गेली.

नवल म्हणजे अशा माणसाकडे सल्ला विचारायला पोरं येत. अंबरपेठेतल्या आणि विद्यानगरातल्या मराठी घरांतून दर वर्षी दोघं-तिघं एम.बी.बी.एस. होत, पीजीत आपटत आणि कुणीतरी त्यांना ढग्यांकडे पाठवी. बाकीच्या वाटा त्यांना तोंडपाठ होत्या. आमच्या शेजारच्या गायकवाडांची संगीता अशीच आली. बाप टेलिफोन खात्यात लाइनमन, मराठवाड्यातून आलेलं बौद्ध घर, त्यांच्यातली ती पहिली डॉक्टर. एकटी जायला घाबरत होती म्हणून मी बरोबर गेले. विद्यानगरच्या कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बसलो. ढग्यांनी चहा मागवला आणि तिला बोलूच दिलं नाही.

"ऐक. गल्फला जा, शेखाच्या ड्रायव्हरांचा ताप बघ. अमेरिकेची परीक्षा दे, पास होशील, व्हिसा मिळणार नाही. सरकारी दवाखान्यात लाग, जिथं बस जात नाही तिथं टाकतील, नसबंदीचं टार्गेट पुरं करत बस. मोठ्या हॉस्पिटलात ड्युटी डॉक्टर हो, पांढरा कोट घालून मोठ्या डॉक्टरच्या मागं फाइल धरून पळ. औषध कंपनीत जा, टाय लाव आणि आपल्याच वर्गातल्या पोराच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून राहा. अ‍ॅनाटॉमी घे, मुडद्यांची मास्तरीण हो. आणि यातलं काहीच जमलं नाही तर माझ्याकडे ये. मी टायपिंग शिकवतो."

संगीता बशीकडे बघत म्हणाली, "सर, मला डी.जी.ओ. मिळतंय. बाळंतपण आणि स्त्रीरोगाचा डिप्लोमा. घेऊ का, की पुढच्या वर्षी डिग्रीसाठी बसू, हे विचारायचं होतं."

"डिप्लोमा?" ढगे हसले. "हाफ तिकीट. माझ्या बापाने जन्मभर फाडली तसली. बाळंतपणं तर दाई पण करते. आणि तुमचं काय, तुमच्यासाठी हाफ तिकिटावर पण जागा राखून ठेवली असेल."

मला त्या क्षणी ते माणूस म्हणून आवडेनासे झाले, आणि ते पुढे कधी पुरतं भरून आलं नाही. मी उठायला लागले. संगीताने माझा हात धरून बसवलं. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज साधा होता.

"हाफ तिकिटावर पण बस तिथंच जाते ना, सर?"

"जाते. पण गर्दी झाली की हाफ तिकिटाला उठवतात."

तिने चहा संपवला, नमस्कार केला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ताई, माझं झालं विचारून." त्याच आठवड्यात तिने ती सीट घेतली. ढगे त्या वर्षीही परीक्षेला बसले.

कंपनीत त्यांचं बस्तान मात्र चांगलं बसलं होतं. शिकवणं संपल्यावर त्यांना एडिटर केलं होतं. आम्ही टाइप केलेलं ते तपासायचे आणि मग ते अमेरिकेला जायचं. नियम एकच: ऐकू येईल तेच लिहायचं, नाही आलं तर जागा कोरी सोडून खूण करायची, मनाचं घालायचं नाही. हा नियम ढग्यांना अपमान वाटे. अमेरिकेतला सर्जन काही चुकीचं बोलला की ते दुरुस्त करत. "त्याला सीट मिळाली म्हणून अक्कल मिळाली असं नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुरुस्ती बरोबर असायची, हेही सांगितलं पाहिजे. तिकडून कधी तक्रार आली नाही, आणि ढग्यांची मान जरा ताठ होत गेली.

मग ती फाइल आली. पित्ताशय काढल्याचं ऑपरेशन, दुर्बिणीतून. डॉक्टर कुठल्या देशाचा होता कोण जाणे, तोंडात सुपारी धरल्यासारखा बोलत होता. पहिल्याच वाक्यातले दोन शब्द मला कितीदाही पेडल मारून कळेनात. मी जागा कोरी सोडली. पुढे तो पित्ताशय डाव्या बाजूला म्हणाला, यकृत डाव्या बाजूला म्हणाला. ते मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. मी तसं लिहिलं.

ढग्यांनी माझी फाइल उघडली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "पित्ताशय डावीकडे! मंगलबाई, तुमचं स्वतःचं चाचपून बघा एकदा."

मी म्हटलं, "डॉक्टर, तो तसंच म्हणतो. एकदा नाही, सारखं म्हणतो. तुम्ही ऐका."

"मला ऐकायची गरज नाही. मला माहीत आहे." त्यांनी हेडफोन उचललासुद्धा नाही. एकेक करत सगळी डावी बाजू उजवी केली. पहिल्या वाक्यातल्या कोऱ्या जागेत जुनाट दुखण्याचं काहीतरी भरून टाकलं आणि फाइल पाठवून दिली. डावा हात खुर्चीच्या दांडीवर गाठी बांधत होता.

तक्रार आली ती थेट कंपनीच्या मालकाकडे. काम बंद करण्याची धमकी होती. रावने आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि तो आवाज स्पीकरवर मोठ्याने लावला. पहिलं वाक्य. पुन्हा पहिलं वाक्य. आता, कुणीतरी सांगितल्यावर, मलाही ऐकू आलं. सायटस इन्व्हर्सस.

ढग्यांच्या चेहऱ्यावरून रंग गेला. त्यांच्या तोंडून आपोआप निघायला लागलं, अशा माणसात यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे, ऑपरेशनला सर्जन उलट बाजूला उभा राहतो. पुस्तकातलं पानच्या पान. त्यांना सगळं माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर त्यांनी पूर्ण मार्क घेतले असते.

राव ऐकत राहिला. मग म्हणाला, "डाक्टरसाब, आप तो सच्ची के डाक्टर हैं ना?"

ते कुत्सितपणे विचारलेलं नव्हतं. त्या पोराला खरंच शंका आली होती. ढग्यांनी घड्याळ काढून खिशात घातलं आणि बेसिनकडे गेले. हात धुतले, कोपरापर्यंत. या वेळी दार पुढच्या बाजूने ढकलून आले, हात पुसले, बॅग उचलली आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फळ्यावर एक माणूस काढला होता. हृदय उजवीकडे, डोकं खाली, पाय वर. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मला बरं वाटलं.

पुढे कंपनीही बंद पडली. अण्णा गेले. ढग्यांचं घर भाड्याने दिलं गेलं आणि ते कुठं गेले याची मी चौकशी केली नाही.

माझ्या दुसऱ्या खेपेला मी संगीताकडे नाव घातलं. तिने आणि तिच्या नवऱ्याने विद्यानगरात स्वतःचं नर्सिंग होम काढलं होतं. पाटीवर तिचं नाव, खाली एम.बी.बी.एस., डी.जी.ओ. बाहेर बाकांवर बायकांना बसायला जागा नव्हती. खालच्या मजल्यावर बी.पी. बघायला मला एका खोलीत पाठवलं आणि तिथं टेबलामागे डॉ. माणिक ढगे बसले होते. केस पिकलेले, दाढेच्या जागी गाल आत गेलेला. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा सांगितला, "पायावर सूज?" विचारलं. ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. माझ्यामागे तापाचं एक पोर रडत होतं. त्याला त्यांनी पुढे बोलावलं.

वर गेल्यावर मी संगीताला विचारलंच, "त्यांना तू ठेवलंस?"

"मला असिस्टंट हवा होता, ताई. ऑपरेशनला ओढून धरायला, जखम पुसायला कुणीतरी लागतं. ते विचारत आले." तिने माझा कागद पुढे ओढला. "वेळेवर येतात."

तिने हे दयेने केलं होतं की त्या चहाच्या कपाचं उट्टं काढायला, मला तेव्हा कळलं नाही. आजही सांगता येत नाही. तिला त्यांचं ते बोलणं आठवत होतं, एवढं मात्र मला माहीत आहे, कारण ते मलाही आठवत होतं.

बाळ आडवं होतं, सिझेरियन ठरलं. कंबरेत इंजेक्शन दिलं, खालचं अंग बधिर झालं, छातीपुढे हिरवं कापड बांधलं. मी पूर्ण जागी होते. कापडावरून मला दार दिसत होतं. ते बाहेरून ढकललं गेलं आणि ढगे पाठीने आत आले. हात छातीसमोर वर, कोपरातून पाणी ठिबकतंय. या वेळी कुणी हसलं नाही. सिस्टरने त्यांना गाऊन चढवला.

मग दिसायचं बंद झालं आणि फक्त ऐकू यायला लागलं. ऐकायची मला सवय होती.

"ओढून धरा. अजून. डॉक्टर, डोकं मागे घ्या, मला दिसत नाही."

"हं, मॅडम."

"पुसा. इथं नाही, इथं."

"हं, मॅडम."

मुलगी रडली. मीही रडले. पलीकडे तिला पुसून, तोलून, माझ्या गालाला लावून नेलं. कापडामागे टाके चालले होते. धाग्याचा सुर्रकन आवाज, कात्रीचा आवाज, पुन्हा धागा. मग ढग्यांचा आवाज आला. इतका हळू, की पेडल मारून पुन्हा ऐकावा लागला असता.

"मॅडम, वरच्या कातडीचे मी घेऊ?"

धाग्याचा आवाज थांबला.

"नको, डॉक्टर," संगीता म्हणाली. "ओळखीचं पेशंट आहे."

"हं, मॅडम."

"कापा."

कात्री वाजली.

मला ट्रॉलीवर घेतलं. ढगे वॉर्डपर्यंत बाजूने चालत आले. मास्क अजून तोंडावर होता, डावा हात ट्रॉलीच्या दांडीवर. मी वर छताकडे बघत होते. वॉर्डच्या दारात ते थांबले. सिस्टरने विचारलं, पुढची केस केव्हा, ते म्हणाले, "मॅडमला विचारा," आणि बेसिनकडे वळले.

सिस्टरला दांडी खाली पाडायची होती. ती पडेना. ऑपरेशनमधून उरलेल्या काळ्या धाग्याने ती ट्रॉलीच्या पट्टीला बांधली गेली होती, एकावर एक, बारीक, सारख्या गाठी. तिने नखांनी ओढून पाहिलं, मग दातांनी.

"किनने बांधे जी ये? इत्ता पक्का," ती म्हणाली, आणि कात्री आणायला गेली.